मी कधीच नापास झालो नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्या मुमताज मॅडमबरोबर सात वर्षं काम करतोय, त्यांनाही नाही. एका माणसाला ठाऊक आहे, पण त्यालाही मी सांगितलं नव्हतं – त्याच्या डोळ्यांसमोर ते उघडं पडलं, आणि त्यानं मला सांभाळून घेतलं. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी सांगायचं धाडस होत नाही.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कोल्हापूरजवळ उचगावात हायवेला लागून एक टायरचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल. तिथं मुमताज मॅडम शाळा चालवतात – म्हणजे शाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येते तशी नव्हे. बाकं नाहीत, घंटा नाही, गणवेश नाही. मॅडम आयुष्यभर एका साध्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि त्या शाळेत जी पोरं टिकली नाहीत, त्यांच्यासाठी त्यांनी हा हॉल घेतला. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं-मुली. कुणी दहावीत अडकलेलं, कुणाला अक्षरं लागत नाहीत, कुणाला वर्गात बसलं की घाम फुटतो. इथं ती भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकतात, हॉल टेपनं मोजून क्षेत्रफळ काढतात. तयारी झाली की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात.

मी तिथं कसा गेलो? चांगल्या मनानं गेलो असं सांगायला आवडलं असतं. शहरात एका क्लासमध्ये मी हुशार पोरांच्या बॅचला गणित शिकवायचो. तो क्लास बंद पडला. दुसरीकडं काही जमेना. कुणीतरी मॅडमचं नाव सांगितलं. एवढंच.

पहिल्या दिवशी नऊ जण होते. चटईवर बसलेले, पण माझ्याकडं तोंड करून कुणी नाही. एक खिडकीतून ट्रक बघतोय, एक नखं खातोय. मी हसून बोललो, गोष्टी सांगितल्या, फळ्यावर चित्र काढलं – काही नाही. शेवटी इरफान नावाचा एक पोरगा, हातात सायकलची चेन घेऊन बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "सर, तुमास्नी काय कळणार? तुमी कवा नापास झालाय काय?"

मी दहावीला आमच्या गावच्या, नेसरीच्या शाळेत पहिला आलो होतो. माझं नाव तिथं भिंतीवरच्या फळ्यावर आजही रंगवलेलं आहे. बारावीला पहिला, कॉलेजातही पहिल्या तिघांत. नापास व्हायचं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी म्हणालो, "दोनदा. दहावीत."

नऊच्या नऊ माना वळल्या.

काय सांगू तुम्हाला – इतकी वर्षं शिकवलं, पण कुठल्या वर्गानं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. इरफाननं चेन खाली ठेवली. "कशात गेलतं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, गणितात. "आनि आता गणित शिकवताय?" सगळी हसली. मीही हसलो. त्या दिवसापासून मी सर राहिलो नाही, सतीशदादा झालो.

दोन शब्दांचं खोटं होतं. ते तिथंच थांबलं असतं, तर कदाचित मी आज हे लिहीत नसतो. पण पोरं विचारत गेली. निकालादिवशी कुठं होता? कुणी सांगितलं घरी? वडील काय म्हणाले? मग मला गोष्ट लागली. ती मी कुठून आणली?

मला एक धाकटा भाऊ आहे. दिगंबर, आम्ही दिगू म्हणतो. तो दहावीत दोनदा नापास झाला. मी पोरांना सांगितलं ते सगळं दिगूचं होतं. निकालाच्या दिवशी उसात जाऊन बसणं त्याचं होतं. पाचटानं पोटऱ्या कापल्या, ते त्याचं. अंधार पडायच्या आत अंगणात येऊन आप्पांसमोर – आमच्या वडलांसमोर – उभं राहणं, तेही त्याचं.

शेवट तेवढा माझा होता.

माझ्या गोष्टीत मी सगळे जेवायला बसायच्या आधी, सगळ्यांच्या समोर, आप्पांना सरळ सांगतो, "मी नापास झालो." आणि आप्पा म्हणतात, "पुन्हा बस. मी हाय." ही दोन वाक्यं मला कधी सुचली आठवत नाही. पण ती म्हटली की हॉलमध्ये एकदम शांत व्हायचं. एखादी पोरगी खाली बघायची. मी आणखी एक शहाणपण जोडलं होतं – सगळ्यांसमोर सांगितलं की एकदाच सांगावं लागतं, आणि चारचौघांत कुणी हात उचलत नाही.

खरं काय झालं होतं, ते मी बघितलं होतं ना. आप्पांनी दिगूला सगळ्यांसमोरच कॉलर धरून खाली पाडलं. बैलाच्या कासऱ्यानं मारलं. मी पुढच्या सोप्यात बसलो होतो, बारावीचं पुस्तक मांडीवर. दिगू ओरडला नाही, पण मधे एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी – पान उलटलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्याची पुस्तकं उचलून रद्दीवाल्याला दिली आणि त्याला गुऱ्हाळावर चुलीत चिपाडं टाकायला धाडलं. तो सोळा वर्षांचा होता. पुन्हा परीक्षेला बसला तो मामानं चोरून फॉर्म भरला म्हणून. पुन्हा गेला. पुन्हा तेच झालं.

म्हणजे मला ठाऊक होतं. हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. अशा घरात काय होतं हे ठाऊक नसलेला माणूस मी नव्हतो.

ती गोष्ट मी पाच वर्षं सांगितली. पोरं माझ्यावर जीव टाकायची. घरी कुणाला न सांगितलेलं मला सांगायची. वाढदिवसाला माझ्या खोलीवर यायचा हट्ट धरायची, आणि मी काहीतरी कारण काढायचो – ट्रंकेत गुणपत्रिका आहेत, कुणी उघडली तर? एकदा सगळ्यांनी ठरवलं, दादाच्या गावाला जाऊ, नेसरी बघू, दादाची शाळा बघू. मी आई आजारी आहे म्हणून सांगितलं. लग्न जमलं नाही, मित्र क्लासबरोबर सुटले. रोज वीस जणांच्या गराड्यात असायचो, आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भात टाकताना वाटायचं, यातलं एकही पोरगं मला भेटलेलं नाही. ती त्या दुसऱ्याला भेटतात. नापास झालेल्याला. त्याच्याशी ती मनातलं बोलतात, आणि मी आपला तिथं बसून ऐकून घेतो.

अश्विनी चौथ्या वर्षी आली. उचगावचीच. वडील शिरोलीला फौंड्रीत कामाला. तिला अक्षरं दगा द्यायची – 'कमळ' लिहायला जावं तर 'मकळ' व्हायचं, ओळ वाचता वाचता मधूनच गायब व्हायची. पण नकाशा काढायला सांगा. अख्ख्या उचगावच्या गल्ल्या, कुठल्या घराला दोन दारं, कुठं गटार वळतं, सगळं डोक्यातून कागदावर. इतिहास तोंडी विचारला तर खडान्‌खडा सांगायची. परीक्षेत लिहायला लेखनिक मिळाला असता, त्याला दवाखान्याचा दाखला लागतो. वडील दाखल्याला तयार झाले नाहीत. पोरीवर शिक्का बसतो म्हणाले. मॅडम दोनदा जाऊन आल्या, उपयोग झाला नाही.

अश्विनीला माझी गोष्ट पाठ होती. नव्या पोरांना तीच सांगायची, माझ्यापेक्षा चांगली.

त्याच वर्षी दिगू आला. न कळवता. तो आता गावाकडं म्हशी बघतो, दोन पोरं आहेत त्याला. कोल्हापुरात काही कामाला आला होता, काकवीचा डबा घेऊन जिना चढून वर आला. "पावणं आलं, पावणं आलं!" म्हणत पोरांनी त्याला चटईवर बसवलं. मी चहा आणायला उठलो नाही. उठायचं धैर्य नव्हतं – मी गेलो आणि कुणी काही विचारलं तर? मी तिथंच असताना अश्विनीनं विचारलं.

"काका, दादा नापास झाल्यावर घरात कसं हुतं ओ? तुमचे आप्पा खरंच 'पुन्ना बस, मी हाय' म्हणाले?"

दिगूनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग पोरीकडं वळून म्हणाला, "व्हय की. म्हणाले तसंच."

मी त्याला खाली सोडायला गेलो. त्यानं गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"दादा, नापास मी झालतो," तो म्हणाला. "घरात तेवढं एक माझं एकट्याचं हुतं. तेबी घेतलंस?"

त्यानं माझ्याकडं न बघता गाडीचा आरसा पुसला.

"आनि आप्पास्नी कशाला चांगलं केलंस? पोरं खरं मानत्यात की."

एवढं बोलून तो गेला. पुन्हा कधी उचगावला आला नाही. फोन करतो, आईच्या औषधांपुरता.

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं, नाही का? मला बजावलं गेलं होतं. ज्याच्या अंगावर वळ होते त्यानं बजावलं होतं. मी आठवडाभर नीट झोपलो नाही. आणि मग पुन्हा गोष्ट सांगितली.

पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला. दुपारी सगळे मॅडमच्या मोबाईलभोवती गोळा झाले. अश्विनी दोन विषयांत गेली – मराठी आणि इतिहास. ज्यात लिहावं लागतं ते. गणितात चांगली सुटली. ती रडली नाही. मॅडमचा एक नियम आहे – नापासाचा निकाल कुणी एकट्यानं घरी सांगायचा नाही. मॅडम स्वतः सोबत जातात, आधी चहा पितात, मग सांगतात. त्यांनी अश्विनीला जवळ घेतलं. "आज घरी काही बोलू नकोस. उद्या सकाळी मी येते. आपण दोघी सांगू." ती हो म्हणाली.

मी जिन्यात उभा होतो. ती खाली जाताना थांबली.

"दादा, मॅडम आल्या की बाबास्नी वाटतंय, तक्रार घेऊन आल्या. मी आजच सांगतो. तुमी सांगितलासा तसं, सगळ्यांसमोर."

मी म्हणालो, मॅडम म्हणतात तसं कर.

"व्हय, पर तुमी एकटंच सांगितलासा की." मग जरा थांबून, अगदी हळू – "दादा, एक विचारतो. खरंच तसंच झालतं न्हवं? तुमचे आप्पा तसंच म्हणाले?"

इथं मी तुम्हाला घेऊन येत होतो. हे एवढंच सांगायचं होतं मला, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे. तिनं सरळ विचारलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. एक शब्द पुरला असता. नाही. नाही म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली असती. माझ्याशी कधी बोलली नसती कदाचित, पण थांबली असती. मी काय विचार केला माहीत आहे? तिचा नाही केला. तिच्या चेहऱ्याचा केला – तो माझ्याकडं बघताना कसा मिटेल, त्याचा.

"हो," मी म्हणालो. "तसंच म्हणाले."

"मग झालं तर." आणि ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम निघायच्या आधीच तिचे वडील आले. ओरडले नाहीत. चपला बाहेर काढल्या, चटईवर बसले. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाचे हात, ते मांडीवर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"काल माझी भन आलती कबनूरहून, तिचं मालक आलतं," ते म्हणाले. "ताटं वाढल्याली. ही उभी राहून सांगायली – मी नापास झालो. मी म्हटलं, बस, जेव, मग बोलू. तर म्हणतीया, न्हाय बाबा, दादांच्या वडलांनी पुन्ना बस म्हटलं, तुमीबी म्हणा. पावण्यांसमोर." त्यांनी उजवा तळवा उलटा केला. "मी हात उचलला सर. कवा उचलला नव्हता."

ते माझ्याकडं वळले. रागानं नव्हे – ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमचं वडील मोठ्या मनाचं असतील. माझ्याच्यानं न्हाय झालं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, मला वाईट वाटतंय.

तिच्या आत्यानं त्याच रात्री ठरवलं होतं, चार दिवस पोरीला कबनूरला नेते, घरात ताप नको. चार दिवसांचे पंधरा झाले. आत्याच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, तिथं अश्विनी कांड्या भरायला जायला लागली – मागाला लागणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची मुदत होती. मॅडम तिच्या सहीसाठी कबनूरला दोनदा गेल्या. दोन्ही वेळा मला म्हणाल्या, तू चल, तुझं ती ऐकते. एकदा मी ताप आहे म्हणालो. एकदा कारणही दिलं नाही. अश्विनी मॅडमना म्हणाली, नको आता, बाबांची आणखी शोभा नको. मुदत गेली.

मॅडम अजून म्हणतात, "मी त्याच दिवशी तिच्यासोबत जायला हवं होतं. चूक माझी." माझ्यासमोर म्हणतात. चहा पिता पिता म्हणतात. आणि मी म्हणतो, असं मनाला लावून घेऊ नका.

मी गोष्ट सांगणं बंद केलं. पण ती बंद झाली नाही. जुनी पोरं नव्यांना सांगतात. परवा एका पोराच्या आईनं माझ्यासमोर हात जोडले – तुमच्याकडं बघून धीर येतो म्हणाली. दिगूला मी काही बोललेलो नाही. आप्पा गेले, त्यांच्या बाराव्यालाही आम्ही दोघं शेजारी बसून जेवलो आणि बोललो ते म्हशींबद्दल.

गेल्या वर्षी कबनूरशेजारच्या इचलकरंजीच्या स्टँडवर अश्विनी दिसली. तिनंच हाक मारली. मी एका ओळखीच्याकडून जुनी पुस्तकं आणायला गेलो होतो, दोन्ही हातांत गठ्ठे. ती कोल्हापूरला आई-वडलांकडं चालली होती. केसांत सुताचं पांढरं कस्पट अडकलेलं. वाळली होती, पण हसली तशीच. मॅडम कशा आहेत, इरफाननं गॅरेज टाकलं का, हॉलचा पंखा दुरुस्त झाला का – सगळं विचारलं. बाबा आता बोलतात म्हणाली, आत्याही चांगली आहे.

मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी माझंच चुकलं बघा. मी गडबड केली. तुमी कसं शांतपणे सांगितलासा, तसं मला जमलं न्हाय."

स्टँडवर गर्दी होती, गोंगाट होता. मी ऐकलंच नाही असं करता आलं असतं. पण तिनं माझ्याकडं बघून म्हटलं होतं, आणि मी ऐकलं होतं.

"होतं असं," मी म्हणालो.

"नवीन पोरास्नी सांगत जावा तुमची गोष्ट," ती म्हणाली. "मला लई आधार हुता तिचा."

कोल्हापूरची गाडी लागली. ती पुढं धावली, खिडकीजवळची जागा धरली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली आणि खिडकीतून मला हात केला. "या की दादा, जागा धरलीया!"

मलाही कोल्हापूरलाच जायचं होतं. तासाभराचा रस्ता आहे. तासाभरात सगळं सांगून झालं असतं.

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मला इथं थोडं काम आहे."

काम काही नव्हतं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, दुसरी एक बाई तिथं बसली. गाडी निघाली. मी गठ्ठे घेऊन बाकावर बसलो, आणि पुढच्या गाडीनं गेलो.